तुझी ईद, आमचा रोजा

नाचणगाव, २ मार्च २०२५, पहिला रोजा

बेटा एजाज,

सलाम आणि दुआ. तुझं गणित चुकलं आहे, हे आधी सांगते, कारण कालपासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

काल संध्याकाळी शोभाबाईंच्या गच्चीवरून चांद दिसला. मला आधी दिसेना, मग त्यांच्या दिपालीनं माझी मान धरून लिंबाच्या फांदीकडे वळवली. दुआ मागायला हात उचलले आणि तेव्हाच डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचा चांद आत्ता दिसतोय आणि शारजात तुझा पहिला रोजा सुटायलाही आला असेल. मग तू तिकीट काढलंस ते कोणत्या चांदावर?

तू म्हणाला होतास, बावीस मार्चला घरी, तीसला सकाळी ईद, आणि ईदगाहवरून आल्यावर जेवूनखाऊन दुपारची मुंबईची गाडी. तीसला ईद तुझ्याकडे, बेटा. इकडे तीसला रोजा असेल. आमची ईद एकतीसला, नाहीतर त्याच्याही दुसऱ्या दिवशी. इतकी वर्षं तिकडे राहून तू इकडचा चांद एक दिवस मागून येतो हेच विसरलास. लहानपणी पाढे पाठ करायला बसवलं की तू पळून जायचास, ते आता अंगाशी आलं.

रजा वाढते का बघ. वाढत नसेल तर मला लगेच सांगू नकोस, दोन दिवसांनी सांग.

माझ्या मनात काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. ईदगाहवर तुला अब्बांच्या शेजारी उभं करायचं, इतकंच. नमाज झाली, मौलानांचा खुतबा ऐकून झाला की माणसं वळून एकमेकांच्या गळ्यात पडतात. त्या दिवशी गळ्यात येणाऱ्याला कोणी ढकलत नाही, तुझे अब्बाही नाहीत. ज्या हाफिजशी दुकानाच्या ओट्यावरून त्यांचं भांडण आहे, त्यालाही ते ईदला गळे मिळतात आणि दुसऱ्या दिवशी परत तोंड फिरवतात. मला तो एक दिवस पाहिजे होता. पुढचं मी पाहून घेतलं असतं.

फोनवर हे सगळं बोलता येत नाही. तुझा आवाज ऐकला की मी जेवलास का, झोपलास का एवढंच विचारत बसते, आणि अब्बा समोरच बसून कान टवकारून पेपर वाचत असतात. म्हणून लिहिते. अंगणवाडीची रजिस्टरं लिहून लिहून मराठीत हात बसला आहे. दिपाली पानांचे फोटो काढून तुला पाठवील. ती शप्पथ घेते की वाचत नाही, पण परवा मला विचारत होती की हिंगणघाटच्या फुफी अजून येतात का.

तुझी अम्मी

११ मार्च

बेटा एजाज,

रजा वाढत नाही हे कळलं. ठीक आहे, असं मी फोनवर म्हटलं. ठीक काही नाही.

शोभाबाई माझं तोंड पाहून म्हणाल्या, "मैमुनाबाई, पोरगं येऊन राह्यलं, अन् तुम्ही काऊन रडता? हसा थोडसं." मी म्हटलं, पोरगं येऊन राह्यलं पण सणाच्या आधी चाललं ना. तर त्या म्हणतात, "मंग त्या दिवशी आमचा पाडवा हाय. आमची पुरणपोळी खाऊन जाईल." मग मीही हसले. तुझ्या जाण्याच्या दिवशी त्यांची गुढी, तुझी तिकडची ईद आणि आमचा रोजा, असं सगळं एकत्र आलं आहे.

फुफीचंही सांगते. मागच्या आठवड्यात इफ्तारीला आल्या होत्या. त्यांच्या मुलीला अमरावतीत दुसरा मुलगा झाला. फोटो दाखवला, गोरापान आहे. फुफी स्वतः म्हणाल्या, "एजाज आया तो मेरेको बोलना." अब्बा समोर होते. त्यांनी खजूर तोंडात टाकली आणि बी किती वेळ चघळत बसले.

म्हणजे ज्यांचा अपमान झाला त्यांनी मनातून काढून टाकलं. मंगनीला बसलेले पाहुणे, उघडलेले पेढ्यांचे डबे, आणि तू दारात उभा राहून नाही म्हणालास, हे आता कोणाला आठवत नाही. आठवतं ते एका माणसाला. फुफींची मुलगी सून करून आणायची जबान बहिणीला त्यांनी दिली होती, आणि ती तू भर बैठकीत मोडलीस. जबान देताना तुला विचारलं नव्हतं, हे मी त्यांना तेव्हाही ऐकवलं होतं. त्यावर ते आठ दिवस माझ्याशीही बोलले नाहीत. अजून तुझं नाव घेत नाहीत. घ्यायची वेळ आली तर "तेरा लड़का" म्हणतात. जसा काही मी तुला माहेराहून आणला.

पण एक सांगते. दुकानात शेवरीचा कापूस आला होता. अब्बांनी त्यातला चांगला बाजूला काढून एक उशी भरली, मऊ. मी विचारलं कोणाची ऑर्डर. म्हणाले, "पड़ी रहने दे." ती तुझ्या खाटेवर ठेवली आहे. तू आलास की त्यावर काही बोलू नकोस, नाहीतर उचलून गिऱ्हाइकाला देऊन टाकतील.

मी गिरडला बाबांच्या दर्ग्याच्या टेकडीवर जाऊन चादर कबूल करून आले. रोज्यात चढले म्हणून रागावू नकोस, सावलीसावलीनं चढले.

तुझी अम्मी

२१ मार्च, विसावा रोजा

बेटा,

तू उद्या येणार. तुला हे वाटेत मिळावं म्हणून दिपालीला घाईनं बोलावलं आहे.

अब्बा आज अस्रच्या नमाजनंतर मस्जितीत एतिकाफला बसायला गेले. गादी, चादर, कुराण आणि दातवण घेऊन. इतक्या वर्षांत कधी बसले नाहीत. दरवर्षी मौलाना म्हणायचे, आणि हे दुकानाचं कारण सांगायचे, की ईदच्या तोंडावर लोकांना नव्या गाद्या पाहिजेत. यंदा दुकानाला कुलूप लावून गेले. तुला माहीत आहे, मस्जितीच्या कोपऱ्यात एकदा पडदा टाकला की ईदचा चांद दिसेपर्यंत उगाच बाहेर पाऊल टाकता येत नाही. टाकलं की एतिकाफ तुटला.

मी म्हटलं, पोरगा उद्या येतोय. म्हणाले, "तो आने दे ना. मैं अल्लाह के घर में बैठ रहा, किसी के बाप का क्या जाता?" अल्लाहच्या घराचं नाव घेतलं की बायको गप्प बसते, हे त्यांना बरोबर माहीत आहे.

मग एकटीनं कांदे चिरले, म्हणजे रडायला निमित्त झालं.

पण ऐक, मीही मैमुना आहे. एतिकाफला बसलेल्याचं जेवण घरून जातं. पहाटे सहरीचा आणि संध्याकाळी इफ्तारीचा डबा तू नेऊन द्यायचा. रोज दोन वेळा. तोंडानं नाही बोलले तरी तुझ्या हातचं खातील ना.

तुझी अम्मी

३१ मार्च, ईद

बेटा एजाज,

ईद मुबारक. तू पोहोचलास, ड्युटीवर गेलास, हे शोभाबाईंच्या निलेशच्या फोनवर पाहिलं. तुला आता ईद मुबारक म्हटलं तर शिळं वाटेल, पण माझी तर आज आहे.

आजचं सगळं सांगते. सकाळी अब्बांनी नमाजच्या आधी गरिबांना द्यायचे फितऱ्याचे गहू काढले, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचे. मी आडून पाहत होते. तीन माणसांचे काढले. घरात आम्ही दोघंच आहोत, तिसरं माणूस कोण हे मी विचारलं नाही. मग अत्तर लावलं, पांढरा कुर्ता घातला आणि ईदगाहकडे गेले. घर इतकं गप्प झालं की पातेल्यातल्या दुधाचा आवाज येत होता.

शिरखुर्मा केला. खारीक, चारोळी, खोबरं, सगळं होतं. शोभाबाई, दिपाली, निलेश आले. गल्लीतली पोरं ईदी मागायला आली, नवे कपडे, डोळ्यांत सुरमा, खिसे उलटे करून दाखवत होती. फुफी आल्या. घर भरलं. मी सगळ्यांना वाटी देत होते, आणि प्रत्येक वेळी दारात सावली पडली की मान वर व्हायची. तू मुंबईच्याही पुढे गेला आहेस हे माहीत असून. दिपालीनं ते पाहिलं आणि माझ्या हातातून पळी काढून घेतली. म्हणाली, "काकू, तुम्ही बसा, मी वाढतो."

तुझी फार आठवण येते रे. आठ दिवस तू इथे होतास तर ती गेली नाही, वाढली. तू दारातून डबा घेऊन मस्जितीकडे निघालास की मी खिडकीतून बघायची, आणि परत आलास की तुझ्या तोंडाकडे बघायची. पहिल्या दिवशी म्हणालास, "सलामाचं उत्तर दिलं, अम्मी." मला वाटलं, चला, दार किलकिलं झालं. शेवटच्या दिवशीही तेवढंच. सलामाचं उत्तर देणं फर्जच आहे, तेवढं तर ते हाफिजलाही देतात.

आणि काल. तू मला फक्त इतकं म्हणालास की अब्बा नमाजमध्ये होते. बाकीचं मला आज कळलं, त्यांच्या शेजारी एतिकाफला बसलेल्या कासमभाईंच्या बायकोकडून. तू पडद्याशी बॅग खाली ठेवून बसलास. अब्बांनी तुला पाहिलं आणि जादाची नफील नमाज सुरू केली. दोन रकात झाल्या, परत दोन, परत दोन. सलाम फेरून एक नमाज संपली की लगेच दुसरीला उभे. तू गाडीची वेळ होईपर्यंत बसून राहिलास आणि त्यांच्या पाठीला सलाम करून निघालास. हे ऐकून मला इतका राग आला की काय सांगू. नमाजच्या मागे लपणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. अल्लाह मला माफ करो.

काल सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा रमजानमध्ये शिरखुर्मा शिजवला, थोडासा, तुझ्या डब्यापुरता. तुला म्हटलं होतं, प्रवासात रोजा माफ आहे, आणि तिकडे ईद आहे, गाडीत खाऊन घे. तू खाल्लास की नाही ते सांगितलं नाहीस. त्या पितळी कडीच्या डब्यात नासला तर नाही ना?

काल संध्याकाळी चांद दिसला. शोभाबाई गुढी उतरवत होत्या आणि त्यांनीच आधी ओरडून सांगितलं. थोड्या वेळानं अब्बा घरी आले. मस्जितीत एतिकाफ पुरा करणाऱ्यांच्या गळ्यात हार घालतात. कासमभाई फुलांनी भरून आले होते, आणि अब्बांचा गळा मोकळा. निलेश म्हणाला, चाचांनी हार घालू दिला नाही, हात जोडून बाजूला झाले. नाटकं, दुसरं काय. घरी येऊन तुझ्या खाटेकडे पाहिलं आणि विचारलं, "तकिया ले गया क्या?" मी म्हटलं, नाही, उशी बॅगेत बसली नाही.

आज ईदगाहवर सगळ्यांना गळे मिळाले असतील. घरी आले ते कुर्त्याला दहा जणांचं अत्तर लागलेलं. मी मात्र त्यांना ईद मुबारक म्हटलं नाही.

तुझी अम्मी

४ एप्रिल

बेटा एजाज,

हे पत्र एकटा असताना आणि सावकाश वाच. दिपालीला मी आज म्हटलं, तूही वाच, चोरून वाचू नको.

बुधवारी अब्बा म्हणाले, उद्या रोजा ठेवतो. ईदनंतरचे सहा रोजे पुष्कळ जण ठेवतात, मला काही वाटलं नाही. मग संध्याकाळी मगरिबच्या वेळी पाहते तर गादी खांद्यावर आणि कुराण बगलेत. मी म्हटलं, आता कोणापासून लपायचं आहे? पोरगा तर गेला. तसेच मस्जितीत गेले आणि रात्रभर तिथेच राहिले.

सकाळी मी तडक मौलानांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं आत बसवलं. मौलाना पडद्याआडून म्हणाले, "भाभी, गनीभाई का एतिकाफ टूट गया था. उसकी क़ज़ा कर रहे." म्हणजे तुटलेला एतिकाफ भरून काढायला बसले होते. कधी तुटला? "उन्तीसवें रोज़े को. दोपहर में बाहर निकल गए थे. वापस आकर ख़ुद ही मेरेको बोले."

तू गेलास तोच दिवस. मी शोभाबाईंच्या घरी आले आणि निलेशला समोर बसवलं. त्यानं तुला स्टेशनवर सोडलं होतं, त्यालाच माहीत असणार. आधी टाळाटाळ केली. मग म्हणाला, "काकू, चाचानं मले शप्पथ घातलती, म्हणून बोललो नाई. एजाजले सोडून मी वापस येऊन राह्यलतो, तं पुलगावच्या रस्त्यानं चाचा पायी. टोपी घातलेली, पायात चप्पल नाई. मी गाडी थांबवली. मले म्हणे, फिरव. मी फिरवली."

बेटा, ते उन्हातून रोज्यात अनवाणी निघाले होते. चपला मस्जितीच्या दारात राहिल्या. आणि तू अजून फलाटावर होतास, गाडी उशिरा होती. निलेश म्हणतो, चाचा फलाटावर आले, तू त्यांना दिसलास आणि ते चहाच्या टपरीमागे उभे राहिले. निलेशनं त्यांना म्हटलं, "चाचा, थो पाहा तिथं हाय, जा ना." ते म्हणाले, "चुप बैठ." गाडी आली, तू चढलास, गाडी गेली, आणि ते तिथेच उभे होते.

इतकं चालून गेलेला माणूस शेवटच्या चार पावलांना का थांबला, हे मला समजेना. काल संध्याकाळी कज़ा पुरी करून आले. मी रोजा सोडायला खजूर पुढे ठेवली आणि विचारलं. आधी पाणी प्यायले. मग सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज फुटला. मी त्या माणसाबरोबर इतका संसार केला, पण तो आवाज मी त्याआधी एकदाच ऐकला होता, तुझ्या दादीच्या मयतीला.

मी म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं त्याला सांगा. फोन लावून दिला तर म्हणाले, फोनवर मला जमणार नाही. मग मी हे पान त्यांच्यापुढे सरकवलं. सकाळपासून खाली लिहीत बसले आहेत. दुकान उघडलं नाही. मी स्वयंपाकघरात आहे, बघत नाही.

तुझी अम्मी

—

एजाज,

तुझी अम्मी म्हणते मराठीत लिवा. मी जिल्हा परिषदच्या शाळेत चौथी शिकलो, लिखाण पाहू नको.

त्या दिवशी मी स्टेशनवर आलतो. तू पाण्याच्या टाकीच्या आड भिंतीकडे तोंड करून उभा होता. पितळी कडीचा डबा हातात होता, आपल्या घरचा. तू घाईघाईनं खाऊन राह्यलता, अन् मधात मधात मागं वळून पाहत होता. मले वाटलं, पोरानं रोजा सोडला, अन् गावातलं कोणी पाहीन म्हणून लपून राह्यला. मी समोर आलो असतो तं तू तो डबा फेकून देला असता. भुकेल्या पोराच्या हातचं कसं पाडू. म्हणून मी थांबलो. मले वाटलं, खाऊन होऊ दे, मंग जातो. तेवढ्यात गाडी आली.

वापस येऊन मौलानाले विचारलं, पोरानं चूक केली का. ते म्हणे, प्रवासात माफ हाय, अन् तो जिथून आला तिथं तं आज ईद हाय. मले ते कोणी सांगतलंच नव्हतं. मी पडद्यात बसेल होतो.

तवापासून मले झोप नाई. माह्या पोरानं ईदचा शिरखुर्मा चोरासारखा भिंतीकडे तोंड करून खाल्ला, अन् मी बाप टपरीमागं उभा राहून पाहत होतो. तुले कोणी ईद मुबारक म्हणलं नाई. गावातल्या साऱ्यायले मी गळे मिळालो, अन् ज्याच्यासाठी अनवाणी आलतो त्याले नाई.

जबानीचं जे झालं ते झालं. तुले न विचारता देल्ली होती, हे तुझी अम्मी म्हणते ते खरं हाय.

आता तू म्हणशीन, ईद तं गेली. मी मौलानाले तेही विचारलं. गळे मिळायले ईदच पायजे असं कुठंच लिहेल नाई. कधीबी येजो.

तुझा अब्बा